थाई, ताई, टाई की दाई? एका नावाचा माग

पाऊलवाट

गेल्या हिवाळ्यात आसामात दिब्रुगढ जिल्ह्यातल्या नामफाके गावी दोन दिवस राहिले. नाहरकटियाच्या पुढे, बुढीदिहिंग नदीच्या काठावर हे गाव आहे. घरं खांबांवर उचललेली, मध्ये बौद्ध विहार. ज्यांच्याकडे उतरले होते त्या आजींनी पानात बांधून वाफवलेला भात वाढला आणि बोलता बोलता म्हणाल्या, "आम्ही ताइ." मी विचारलं, "म्हणजे थायलंडहून आलेले?" त्यांना प्रश्न आवडला नाही. म्हणाल्या, "आम्ही ताइ. तेही ताइ."

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. गावाच्या पाटीवर असमिया लिपीत ‘टाइ’ लिहिलेलं होतं. थायलंडवाले थाई. चीनच्या युनान प्रांतात राहणाऱ्यांना नकाशात ‘दाई’ म्हटलेलं दिसलं. व्हिएतनामच्या अधिकृत यादीत तर ‘थाइ’ आणि ‘तै’ असे दोन वेगळे समाज आहेत. आपल्याकडे मराठीत ‘ताई’ लिहिलं की वाचणाऱ्याला थोरली बहीण आठवते, आणि ‘टाई’ लिहिलं की गळ्यातली.

ही सगळी एकाच समाजाची नावं आहेत का? या नावाचा अर्थ काय? आणि मराठीत कसं लिहायचं? जाणकारांनी सांगावं.

रानफूल

छान विषय. वाचतेय.

लिपीवेडा

पाऊलवाट, तुमच्या आजी बरोबर बोलल्या. शब्द एकच आहे आणि ते आपल्या वर्णमालेच्या आधाराने सहज दाखवता येतं.

थाई लिपी कंबोडियाच्या ख्मेर लिपीवरून आली आणि ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या ब्राह्मी घराण्याची. त्यामुळे त्यांची अक्षरंही क वर्ग, च वर्ग, ट वर्ग, त वर्ग, प वर्ग अशाच क्रमाने लावलेली आहेत. आता ‘थाई’ हा शब्द त्यांच्या लिपीत ज्या अक्षरांनी लिहितात ती एकेक करून देवनागरीत उतरवली तर काय मिळतं? ‘दैय’. त्यातला शेवटचा य उच्चारत नाहीत. पण पहिलं अक्षर बघा. ते थ नाही, द आहे. उच्चार मात्र थ.

याचं कारण असं की लिपी स्वीकारली तेव्हा त्या अक्षराचा उच्चार खरोखर द होता. पुढे या भाषांमधले ग, द, ब असे घोष उच्चार बदलले. मध्य थायलंड आणि लाओसच्या बाजूला ते ख, थ, फ झाले, तर ब्रह्मदेशातले शान, युनानमधले ल्यू, आसामकडचे खामटी आणि तुमच्या नामफाकेचे फाके या ताइ समाजांच्या बाजूला क, त, प. एका मूळच्या ‘दइ’सारख्या शब्दातून एकीकडे ‘थाइ’ निघाला, दुसरीकडे ‘ताइ’.

या बदलात त्यांनी घेतलेले संस्कृत आणि पाली शब्दही सापडले, म्हणून ते आपल्याला पटकन ओळखू येतात. देवचं झालं थेप (बँकॉकचं त्यांच्या भाषेतलं नाव क्रुंग थेप, म्हणजे देवांची नगरी). नगर झालं नखोन, गुरु झाला ख्रू, बुद्ध झाला फुत, दास झाला थात, प्रदेश झाला प्रथेत. थायलंडला ते प्रथेत थाई म्हणतात, आणि त्या दोन्ही थंमागे लिहिलेला द आहे.

अस्सल ताइ शब्दांतही हेच दिसतं. माणसाला बँकॉकात ‘खोन’ म्हणतात, शान लोक ‘कोन’. वाटेला तिकडे ‘थाङ’, इकडे ‘ताङ’. तेव्हा बँकॉकचा ‘खोन थाई’ आणि शान टेकड्यांमधला ‘कोन ताइ’ हे तेच दोन शब्द आहेत, फक्त तोंडं वेगळी.

चीनमधल्या ‘दाई’ची गोष्ट निराळी आहे. चिनी भाषेच्या रोमन लेखनात ‘डी’ हे अक्षर आपल्या त सारख्या उच्चारासाठी वापरतात. आपण इंग्रजीच्या सवयीने ते द वाचतो. प्रत्यक्ष उच्चार ‘ताइ’च. आसामातल्या ‘टाइ’चंही तसंच, असमियात ट आणि त यांचा उच्चार एकच झालाय, म्हणून त्यांनी ट लिहिला तरी ऐकू आपल्याला त आणि ट यांच्या मधलं काहीतरी येतं.

पाऊलवाट

प्रथेत म्हणजे प्रदेश! मी चार वेळा त्या देशात जाऊन आले आणि हे लक्षात आलं नव्हतं. खूप आभार.

चांदणवेल

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं बँकॉकात होते. तिथे ‘थाई’ या शब्दाचा अर्थ सगळे एकच सांगतात: स्वतंत्र. थायलंड म्हणजे स्वतंत्रांची भूमी, कारण आजूबाजूचे सगळे देश युरोपीय सत्तांच्या ताब्यात गेले आणि हा गेला नाही. माझ्या भाषाशिक्षिकेनेही पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. तो अर्थ चुकीचा आहे असं म्हणायचं का?

लिपीवेडा

चुकीचा नाही, पण नंतरचा आहे.

लाओसमध्ये आणि थायलंडच्या ईशान्येला ‘थाइ बान’ असा शब्द रोज वापरतात. बान म्हणजे गाव. आता याचा अर्थ ‘स्वतंत्र गाव’ होत नाही, ‘गावातली माणसं’ असा होतो. आपल्या ‘गावकर’सारखा. अमुक गावचा माणूस कुठला हे सांगायलाही तिकडे ‘थाइ’ लावून पुढे गावाचं नाव घेतात. आपण पुण्याला ‘कर’ मागे लावतो, ते ‘थाइ’ पुढे लावतात.

पोटसमाजांची नावंही याच साच्यातली. ताइ दाम म्हणजे काळे ताइ, ताइ खाओ म्हणजे पांढरे, ताइ देङ म्हणजे तांबडे. हे रंग बायकांच्या पारंपरिक पोशाखावरून आले असं सांगतात. ताइ लोङ म्हणजे थोरले ताइ, शान लोक स्वतःला असं म्हणतात. ताइ नुआ म्हणजे वरच्या अंगाचे. प्रत्येक वेळी ‘ताइ’च्या जागी ‘माणसं’ किंवा ‘लोक’ ठेवून पाहा, नीट बसतं. ‘स्वतंत्र’ ठेवलं तर बसत नाही. मिशेल फर्लुस या फ्रेंच अभ्यासकाने तर हा शब्द ‘माणूस’ या अर्थाच्या एका जुन्या शब्दापर्यंत नेला आहे. तो माग सगळ्यांना मान्य नाही, पण मूळ अर्थ ‘माणूस’ असावा याला आतला पुरावा भरपूर आहे.

मग ‘स्वतंत्र’ कुठून आला? ताइ लोक नदीखोऱ्यांत भातशेती करत. खोऱ्यातल्या गावांचा समूह आणि त्यावरचा अधिपती मिळून ‘मुआङ’ होई. वरच्या डोंगरात राहणाऱ्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या लोकांना ते ‘खा’ म्हणत, आणि याच शब्दाचा अर्थ चाकर, गुलाम असाही होता. मुआङमधला जो खा नाही तो ताइ. अशा समाजात ‘आपला माणूस’ आणि ‘गुलाम नसलेला माणूस’ यांत फरक उरत नाही. तिथून ‘स्वतंत्र’ हा अर्थ शब्दाला चिकटला.

चांदणवेल

‘थाइ बान’ मी ईसानमध्ये शंभर वेळा ऐकलंय! माझी घरकामाची मदतनीस तिकडची होती, ती गावच्या लोकांबद्दल बोलताना हाच शब्द वापरायची. मला वाटायचं ती ‘थाई लोकांचं गाव’ म्हणतेय. आज उलगडा झाला. आणि हो, ईसान म्हणजे आपलं ईशान्यच, संस्कृत ईशानवरून.

पण ‘खा’बद्दल वाचून थोडं वाईट वाटलं. ज्या शब्दाचा एवढा अभिमान, त्याच्या पोटात दुसऱ्या कुणाची गुलामी आहे.

लिपीवेडा

हो. आणि डोंगरातल्या लोकांनी ती कितीतरी पिढ्या सोसली आहे. स्वतःला ‘माणूस’ म्हणवून घेणारे समाज जगभर आहेत. शेजाऱ्याला काय म्हणतात तेही विचारावं लागतं.

मुळाक्षर

थायलंडचं जुनं नाव सयाम, ते श्यामवरून आलं असं शाळेत शिकल्याचं आठवतं. सावळ्या लोकांचा देश. खरं आहे का?

लिपीवेडा

श्यामशी जोडणं ही नंतरची व्युत्पत्ती असावी, आवाज जुळला म्हणून. ‘स्याम’ हे ताइ लोकांनी स्वतःला दिलेलं नाव नाही, शेजाऱ्यांनी दिलेलं आहे. अंगकोर वाटच्या भिंतीवर, बाराव्या शतकातल्या शिल्पपटात, सैन्याची एक तुकडी कोरली आहे आणि तिच्यावर ‘स्याम कुक’ असं लिहिलंय. आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्यातल्या अकराव्या शतकाच्या शिलालेखात स्याम गुलामांचा उल्लेख येतो. चिन्यांचं ‘श्येन’ आणि ब्रह्मदेशातलं ‘शान’ हेही त्याच नावाचे अवतार. आसाम आणि तिथे राज्य केलेले ताइ, म्हणजे आहोम, या नावांचाही धागा तिथेच पोचतो, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

म्हणजे दोन साखळ्या झाल्या. बाहेरच्यांनी दिलेली: स्याम, शान, आहोम. स्वतः घेतलेली: ताइ, थाइ. शान माणूस आपल्या भाषेत स्वतःला शान म्हणत नाही.

दिखौकाठ

तेलाच्या नोकरीमुळे मी बावीस वर्षं शिवसागरला आहे, मूळचा साताऱ्याचा. आहोमांचा विषय निघाला म्हणून लिहितो.

सुकाफा हा राजपुत्र पाटकाई डोंगर ओलांडून १२२८ साली ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरला. आजच्या युनान आणि ब्रह्मदेशाच्या सीमेवरचं मोङ माओ ही त्याची मूळ भूमी. त्याच्या वंशाने १८२६ च्या यांदाबू तहापर्यंत, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षं राज्य केलं. राजाचा किताब ‘चाओ फा’. चाओ म्हणजे स्वामी, फा म्हणजे आकाश. असमियात त्याचंच भाषांतर झालं ‘स्वर्गदेव’. चराइदेवला त्या राजांच्या मातीच्या समाध्या आहेत, त्यांना मैदाम म्हणतात. २०२४ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. पहाटे धुकं असताना तिथे उभं राहिलं की हिरव्या टेकड्यांची रांग दिसते आणि प्रत्येक टेकडीच्या पोटात एक राजा झोपलेला असतो.

पण आता आहोमांच्या घरात ताइ भाषा बोलत नाहीत. बोली असमिया. जुनी भाषा उरली ती देवधाई, मोहन आणि बाइलुङ या पुरोहित घराण्यांच्या पोथ्यांत आणि मंत्रांत, आणि बुरंजी नावाच्या बखरींमध्ये. गेल्या काही दशकांत लोक ती पुन्हा शिकायला लागलेत. माझ्या शेजारचे निवृत्त मास्तर नातवाला अक्षरं गिरवायला लावतात. त्यांना कुणी ‘तुम्ही आता ताइ कुठे राहिलात?’ असं विचारलं तर ते काय म्हणतील, याची मला कल्पना करवत नाही. म्हणून माझा प्रश्न लिपीवेडा यांना: ताइ कोण हे भाषेवरून ठरवायचं की नावावरून?

जाता जाता आपल्याकडचा दुवा. १६७१ ला सराईघाटावर मोगलांना हरवणारा लाचित बरफुकन आहोमांचाच सेनापती. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्राला त्याच्या नावाचं सुवर्णपदक देतात.

इतिहासवेध

मी वाचलंय की ताइ लोक मूळचे अल्ताई पर्वतातले, मंगोलियाच्या बाजूचे. तिथून चीनमध्ये आले, नानचाओचं साम्राज्य उभारलं आणि मंगोलांनी ते बुडवल्यावर दक्षिणेला सरकले. नावातच ‘ताई’ आहे. यावर कुणी बोललं नाही?

लिपीवेडा

बरं झालं काढलंत. हे थायलंडच्या शाळांमध्ये कित्येक वर्षं शिकवलं गेलं, त्यामुळे अजून फिरतंय. पण टिकत नाही.

अल्ताई हे नाव तुर्की आणि मंगोल भाषांमधल्या ‘सोनं’ या अर्थाच्या शब्दावरून आलंय. शेवटच्या दोन अक्षरांचं साम्य एवढाच त्याचा आधार. भात पिकवणाऱ्या, नदीवर जगणाऱ्या लोकांच्या जुन्या शब्दसंग्रहात गवताळ थंड प्रदेशाची काहीच खूण नाही. पाणी, शेत, गाव हे शब्द मात्र सगळ्या ताइ भाषांत सारखे आहेत: नाम, ना, बान. युनानमधल्या सिप्सोङ पान्नाचा अर्थ बारा हजार भातखाचरं असा आहे. सिप्सोङ बारा, पान हजार, ना खाचर.

नानचाओबद्दल तर राजांच्या नावांतच उत्तर आहे. पि-लो-को, त्याच्यानंतर को-लो-फेङ, त्या वंशात पुढे फेङ-चिया-यी, मग यी-मोउ-श्युन. प्रत्येकाच्या नावाचं शेवटचं अक्षर पुढच्याच्या नावाच्या सुरुवातीला येतं. बापाच्या नावाची शेपटी मुलाच्या नावाचं डोकं, ही यी नावाच्या समाजाची आणि त्याच्या जवळच्या तिबेटो-बर्मी समाजांची रीत आहे. ताइ राजघराण्यांत ती सापडत नाही. नानचाओच्या राज्यात ताइ लोक राहत असतील, पण गादीवर ते नव्हते.

मूळभूमी शोधायला भाषाशास्त्रज्ञ दुसरी युक्ती वापरतात. एका कुळातल्या बोली जिथे एकमेकींपासून सर्वांत जास्त वेगळ्या, तिथे ते कूळ सर्वांत जुनं. थायलंडभर पसरलेल्या बोली एकमेकींच्या फार जवळच्या आहेत. खरी विविधता चीनच्या क्वांगशी प्रांतात आणि उत्तर व्हिएतनामच्या सीमेवर आहे. विल्यम गेडनी यांनी त्यावरूनच ताइ भाषांचं माहेर त्या सीमाभागात मानलं, आणि आज बहुतेक अभ्यासक तिकडेच झुकतात.

इतिहासवेध

नावांची साखळी पटली. माझी समजूत मागे घेतो. पण क्वांगशीत तर च्वाङ लोक राहतात, ताइ नाही. की तेही ताइ?

लिपीवेडा

दिखौकाठ यांचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे, म्हणून एकत्र लिहितो.

च्वाङ लोक दीड कोटीच्या वर आहेत, चीनमधला सर्वांत मोठा अल्पसंख्य समाज. त्यांची भाषा ताइ कुळातली, यात शंका नाही. पण त्यांच्यातले बहुतेक जण स्वतःला ताइ म्हणत नाहीत. उत्तरेकडचे ‘पू’ लावून नाव सांगतात, आणि पू म्हणजे माणूस. दक्षिणेकडे युनानच्या वेनशान भागात काही गट मात्र स्वतःला ताइ म्हणवतात, आणि सरकारी दप्तरी ते च्वाङमध्ये मोजले जातात. व्हिएतनामच्या सीमेपलीकडे गेलात की त्यांचेच भाऊबंद तै आणि नुङ या वेगळ्या नावांनी नोंदलेले आहेत. रेषा माणसांनी आखल्या नाहीत, कचेऱ्यांनी आखल्या.

म्हणून ‘ताइ’चे निदान दोन अर्थ मनात वेगळे ठेवावेत. अरुंद अर्थाने जे स्वतःला या नावाने ओळखतात ते: सयामी, लाओ, शान, ल्यू, ताइ दाम, खामटी, फाके, आहोम. रुंद अर्थाने भाषाशास्त्रज्ञ फांग-क्वेई ली यांनी मांडलेल्या तीनही शाखांच्या, म्हणजे उत्तर, मध्य आणि नैर्ऋत्य ताइच्या भाषा बोलणारे सगळे, त्यात च्वाङ आणि चीनच्या क्वेइचौ प्रांतातले पुयीही आले. त्याच्याही पलीकडे हैनान बेटावरच्या ह्लाइ, तसंच काम आणि गेलाओ या लांबच्या नात्यातल्या भाषा. त्या सगळ्या कुळाला पूर्वी ताइ-कदाइ म्हणत. २००० साली वीरा ओस्तापिरात यांनी ‘क्रा-दाइ’ हे नाव सुचवलं, ते आता रुळलंय. क्रा हेही तिकडच्या लोकांचं स्वतःचं जुनं नाव आहे, आणि दाइमधला द ओळखलात ना?

धर्मावरून मात्र काहीच ठरत नाही. सयामी, लाओ, शान, फाके थेरवादी बौद्ध. ताइ दाम पूर्वजांना आणि ‘थेन’ या आकाशदेवतांना मानतात. आहोमांचे जुने विधी वेगळे आणि आता बरेचसे हिंदू. च्वाङांचं अजून निराळं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर आहोम ताइ आहेत. भाषा घरातून गेली तरी त्यांनी नाव, बखरी आणि पूर्वजांची याद सोडली नाही. आणि च्वाङ शेतकऱ्याला मी त्याच्या तोंडावर ताइ म्हणणार नाही, त्याची भाषा कितीही जवळची असली तरी.

चांदणवेल

सरकारने नाव ठरवण्याचा सर्वांत मोठा दाखला तर थायलंडच आहे. २४ जून १९३९ ला फिबुन सोङख्राम यांच्या सरकारने सयामचं थायलंड केलं. तो हुकूम बारा फर्मानांपैकी पहिला, त्या फर्मानांना ‘रत्थनियोम’ म्हणतात. आपल्या मराठी डोळ्यांना त्यात राष्ट्र आणि नियम दिसतील. तिसऱ्या फर्मानाने सांगितलं की उत्तरेचे थाई, दक्षिणेचे थाई, मुसलमान थाई असं काही म्हणायचं नाही, सगळे फक्त थाई. एका हुकमाने ईसानचे लाओ, दक्षिणेचे मलय, शहरांतले चिनी हे सगळे कागदावर थाई झाले. १९४५ ला पुन्हा सयाम झालं, १९४९ ला पुन्हा थायलंड. माझ्या मदतनिशीची आजी घरात स्वतःला लाओ म्हणायची आणि दार उघडलं की थाई.

म्हणूनच तिकडचे अभ्यासक आता दोन प्रकारे लिहितात. देशाचा नागरिक असेल तर तो न उच्चारला जाणारा य लावतात, आणि सीमांपलीकडच्या सगळ्या ताइ समाजांबद्दल लिहायचं असेल तर य काढतात. उच्चार तोच.

मुळाक्षर

म्हणजे एका मुक्या ‘य’वर नागरिकत्व!

हे नाव लिहिलेलं सर्वांत जुनं कुठे सापडतं?

लिपीवेडा

राजा रामखामहेङच्या सुखोथाईच्या शिलालेखाचं नाव नेहमी घेतलं जातं. त्यात म्हटलंय की पूर्वी ही ताइ अक्षरं नव्हती, शके १२०५ मध्ये राजाने ती घडवली. शके! आपल्या पंचांगातलाच शक. इसवी सन काढायला ७८ मिळवा, १२८३. स्वतः शिलालेख १२९२ चा धरतात. १८३३ मध्ये तेव्हा भिक्खू असलेल्या राजपुत्र मोङ्कुट यांना तो सापडला. तो अस्सल की एकोणिसाव्या शतकात घडवलेला, यावर १९८० नंतर बरीच वादावादी झाली, पण बहुतेक जण अस्सल मानतात.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस दुसरं काही सुचलेलं नाही.

माझ्यापुरतं लेखन ठरवलंय. देशाच्या नागरिकांसाठी थाई. सगळ्या समाजांसाठी ताइ, ऱ्हस्व इ घालून, म्हणजे बहिणीशी गल्लत नको. टाई आणि दाई बंद. शीर्षक मात्र तसंच ठेवते, शोधणाऱ्याला सापडेल.

एकच राहिलं. ‘फाके’चा अर्थ काय? आजींना विचारायचं राहून गेलं.

दिखौकाठ

इथला फा आकाशाचा नाही, हा फा म्हणजे भिंत किंवा कडा, के म्हणजे जुनी. जुन्या भिंतीजवळची माणसं. ब्रह्मदेशातल्या हुकोङ खोऱ्यातून ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इकडे आले, आणि येताना गावाचं नाव बरोबर घेऊन आले. खामटीही तसेच, खाम म्हणजे सोनं, ती म्हणजे जागा. तुमच्या गावाच्या नावातला ‘नाम’ म्हणजे पाणी, ते वर लिपीवेडांनी सांगितलंच आहे. पुन्हा याल तेव्हा शिवसागरला उतरा, चराइदेव दाखवतो. डिसेंबरात या, तेव्हा धुकं असतं.